काकांच्या गोळ्यांची राखण

या जगात कोणाही माणसावर विश्वास ठेवू नये असं मनापासून मानणारी, आणि तरीही ज्याला त्याला आपल्या घरी हवीशी वाटणारी एकच बाई मी पाहिली आहे. ती म्हणजे माझ्या काकीची मोठी बहीण. मुंबईच्या एका इस्पितळात उभा जन्म नर्सची नोकरी करून ती मालवणजवळच्या आपल्या गावी परतली होती. सख्ख्या बहिणीपासून दारावरच्या मासळीवालीपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत. मी तोंडाने मावशी म्हणायचे, पण मनात सिस्टरच, कारण ती समोर आली की आपली नखं वाढली आहेत हे हटकून आठवायचं.

काकांचा आजार पोटातून पाठीत उतरला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी, "आता घरी न्या, फक्त दुखू देऊ नका," असं सांगून मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडच्या कुठल्याच दुकानात ती गोळी मिळत नसे, आणि हरवली म्हणून कोणी दुसरी देत नसे. मी कॉलेज संपवून घरी बसले होते, म्हणून काकीच्या मदतीला माझी रवानगी झाली. पोचते तो सिस्टर आधीच हजर. तिने गोळ्यांची बाटली एका पत्र्याच्या डब्यात घातली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि घरादाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासून हो डबो माजो. कोणी हात लावलो तर हात मोडून ठेवीन."

तिचं चुकत होतं असंही नाही. आमच्या गावात औषध ही सोलकढीसारखी कुंपणावरून वाटायची गोष्ट होती. एकाला लागू पडलेली गोळी संध्याकाळपर्यंत वाडीतल्या सगळ्या गुडघ्यांना मिळायची. काकांना बघायला आलेला शेजारी चहा संपवून आपल्या आईसाठी हळूच म्हणाला, "सिस्टर, त्यातली एक आमच्या आवशीक दी गो. तिचे गुडघे धरलेत."

"कित्याक? तुज्या आवशीक श्वास घेवचो कंटाळो इलो काय?" सिस्टरने विचारलं, आणि वर त्याला गुडघ्याला बांधायला जुनं लुगडं आणि शेकायला मीठ दिलं.

डबा ती एका जागी ठेवत नसे. कधी भाताच्या कणगीत, कधी कोकमांच्या बरणीमागे. एकदा काकीला तो तांदळाच्या पिठात सापडला. बिचारीने घाबरून जसाच्या तसा परत पुरला. पण सिस्टरने पिठावर नजर टाकली आणि म्हणाली, "हयसर कोणतरी येवन गेला." त्याच दुपारी जागा बदलली. नवी जागा तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसायची, आणि याचाच तिला सर्वांत मोठा अभिमान होता.

गोळी द्यायची वेळ म्हणजे एक सोहळाच असे. साक्षीदाराशिवाय ती गोळी बाहेर काढत नसे, आणि साक्षीदार म्हणून तिने नेमकी मला निवडली. मी चार माणसांत तोंड न उघडणारी. "इंग्रजी शाळेत गेलंस मा? मगे वाच. मोठ्यान!" मग मी बाटलीवरची चिठ्ठी वाचायची, ती माझ्या बोटाखालून स्वतः पुन्हा वाचायची, आणि हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर असलेले आमचे काका गोळी गिळून आज्ञाधारक मुलासारखे जीभ वर करून दाखवायचे. "हिचो आवाज आयकानच माका झोप येता," ते मला चिडवत, "गोळी उगाच फुकट घालवतास." नंतर सिस्टर तांदूळ निवडायचं निमित्त करून खाटेशी बसे. तिची नजर तांदळांवर कमी आणि काकांच्या छातीच्या वर-खाली होण्यावर जास्त असे.

लाज नावाची वस्तू तिने बहुधा नोकरीच्या पहिल्याच दिवशी जमा केली असावी. भेटायला आलेल्या माणसांच्या गर्दीत ती खणखणीत विचारायची, "भावोजी, आज झाला?" काका डोळे मिटून घेत. "गोळयेन पोट धरता, लाजान कसा चलात?" एकदा हा प्रश्न खुद्द सरपंचांच्या देखत झाला. सरपंच गंभीर झाले, आणि जाता जाता तिला दारामागे बोलावून त्यांनी स्वतःचीही तीच तक्रार सांगितली. पुढे कितीतरी दिवस ते तिला पपया पाठवत होते.

कडक मात्र अशी, की एकदा काकांचं कण्हणं ऐकवेना तेव्हा त्यांच्या मुलाने, दादाने, आणखी एक गोळी मागितली तरी ती हलली नाही. "एक जास्त दिली तर काय होईल?" तो म्हणाला. "आधी तेंका झोप येतली," ती शांतपणे म्हणाली, "मगे श्वासाक पण झोप येतली. डॉक्टराक विचारतंय, तो सांगात तेवढी वाढवतंय. तू नाय सांगूचा." आणि खरंच भर उन्हात छत्री घेऊन ती मालवणच्या डॉक्टरांकडे गेली.

मग चतुर्थी आली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची पानाफळांची माटवी काका दरवर्षी स्वतः बांधत. या वर्षी त्यांनी पडल्या पडल्या आंब्याचे टाळे, कवंडळं आणि तेरडा दादाच्या हातात देऊन ती बांधून घेतली, पण आरतीला आपण समोर बसणारच, असं बजावून ठेवलं. दुपारची गोळी दिली की काही वेळाने त्यांना बसता येईल, असं सिस्टरने ठरवलं, आणि सकाळची गोळी देऊन ती आपल्या भावाच्या घरी पूजेला गेली. सणाची माणसं येणार म्हणून डबा तिने आदल्या दिवशी माजघरातल्या लाकडी पेटाऱ्यात, पितळी भांड्यांच्या तळाशी ठेवला होता. अर्थात कोणाला न सांगता.

गणपती दरवर्षी ज्या टेबलावर बसायचा ते तिनेच काकांच्या खाटेजवळ लावलेलं. म्हणून दादाने पेटारा पुढे ओढला, त्यावर पाट मांडला आणि पाटावर गणपती बसवला. भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली. दुपारी सिस्टर परतली ती उंबऱ्यातच थबकली. सगळे देवाच्या मुखाकडे बघत होते, ती त्याच्या बुडाखाली बघत होती. पेटाऱ्याचं झाकण वर उघडायचं, आणि एकदा बसलेली मूर्ती उद्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नव्हती.

आत काकांना कळा सुरू झाल्या होत्या. त्यांनी उशीचं टोक मुठीत धरलं होतं. "सिस्टर, माजी गोळी खंय?"

"गणपतीखाली," ती म्हणाली.

काका हसले, आणि हसण्यानेच कळ आल्यामुळे थांबले. सिस्टरचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"मूर्ती हलवूची नाय हां," भटजी म्हणाले.

"मूर्ती कोण हलवता? देवान खुशाल बसान रवाचा. माका मागसून जावंदी."

दादा हातोडी घेऊन मागच्या फळीचे खिळे उपटायला बसला. भटजींनी पुढून मूर्ती दोन्ही हातांनी धरली आणि हातोडीचा आवाज देवाला जाऊ नये म्हणून आरतीच सुरू केली. माणसं झांजा घेऊन धावली. फळी निघाली. सिस्टर जमिनीवर आडवी झाली आणि खांद्यापर्यंत हात पेटाऱ्यात घालून तांब्या-परातींशी झगडू लागली. "गावलो!" ती ओरडली. एवढं होऊनही नियम नियमच. "वाच!" मी झांजांच्या वर आवाज काढून वाचलं. एका आजोबांनी ऐकून भक्तिभावाने हात जोडले.

पण गोळी पोटात जाऊन कळ थांबेपर्यंत वेळ जाणार होता, आणि काकांना तर आरतीला बसायचं होतं. तेव्हा भटजींनी आरती संपूच दिली नाही. एक झाली की दुसरी. देव संपले तेव्हा ग्रामदेवता घेतल्या, पहिलीच पुन्हा घेतली. अखेर काकांच्या मुठीतली उशी सुटली. दादाने त्यांना धरून आणलं, ते गणपतीसमोर बसले, आणि शेवटच्या दोन कडव्यांना त्यांनी स्वतः टाळी वाजवली.

त्या संध्याकाळी सिस्टरने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आयक. एकट्याच्याच डोक्यात जागा ठेवची नाय. माजी चूक झाली." तिने डब्याची नवी जागा मला सांगितली. तोपर्यंत माझ्यावर एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता.

काका दिवाळी बघून गेले. शेवटी त्यांना दुखलं नाही. तेरावं झाल्यावर उरलेल्या गोळ्या सिस्टरने दादाकडेही दिल्या नाहीत. मला बरोबर घेऊन ती मालवणला डॉक्टरांकडे गेली आणि त्या परत करून आली. मग आम्ही एस.टी. स्टँडवर येऊन बसलो. गाडी लागली, माणसं चढली, तरी ती उठेना. मी हळूच म्हटलं, "मावशी, आपली गाडी."

"रवांदे," ती म्हणाली. "फुडच्या गाडयेन जाव या."

ती पदर सावरून समोर बघत राहिली. त्या घरात आता कोणाच्याच गोळीची वेळ चुकणार नव्हती.