स्वेटरच्या घडीतली पत

सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवणारा एक कारागीर होता. एके काळी त्याच्या हाताखाली माणसं होती, म्हणून बाजारात सगळे त्याला शेठ म्हणत. पुढे त्याने एका हॉटेलचं मोठं काम अंगावर घेतलं, हॉटेलवाल्याने हात वर केले आणि शेठचं दिवाळं वाजलं. कोर्टाने त्याला नादार ठरवलं, देणी मोडीत काढली. दुकान गेलं, मशिनी गेल्या, राहिलं ते नुसतं नाव. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर टाके घालायचा आणि तिथेही लोक त्याला शेठच म्हणायचे. कोणी मुद्दाम, कोणी सवयीने. टोचायचं सारखंच.

त्याला एकच गोष्ट हवी होती. जाड कापडाची एक शिलाई मशीन, हप्त्यावर. घराच्या मागच्या खोलीत बसून आपली चार कामं करावीत, कुणाचं मिंधं राहू नये. पण बँकेत त्याचा क्रेडिट स्कोअर पार रसातळाला गेला होता. तिथल्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, थोडी मुदत ठेव ठेवा, तिच्यावर आम्ही क्रेडिट कार्ड देतो. वर्षभर ते नीट सांभाळा, मग बघू."

सांभाळा म्हटल्यावर शेठने ते सांभाळलं. रुमालात गुंडाळून कपाटात, जुन्या स्वेटरच्या घडीत. कार्डाच्या गुप्त आकड्याचं, म्हणजे पिनचं, बंद पाकीट बायकोने साखरेच्या डब्याखाली ठेवलं. "दोन्ही एकत्र नकोत," ती म्हणाली. "विस्तव आणि रॉकेल एका फळीवर ठेवतं का कोणी?"

वर्ष सरलं. शेठ धुतलेला शर्ट घालून बँकेत गेला आणि बऱ्याच दिवसांनी ताठ बसला. "मॅडम, एका पैशालाही हात लावला नाही."

मॅडमनी आधी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना हसू आवरेना. "अहो काका, सांभाळा म्हणजे कुलपात ठेवा नव्हे! वापरायचं आणि बिल आलं की सगळं भरायचं. उसनं घेऊन परत करता हे दिसलं तरच पत वाढणार ना?"

मागच्या रांगेतलं कोणीतरी खुदकन हसलं. शेठ कानापर्यंत लाल झाला.

घरी बायको ऐकून थक्क झाली. "म्हणजे जो उसनं घेत नाही तो बेभरवशाचा? कोणत्या शहाण्याचा हा हिशोब?" पण स्वेटरची घडी तिनेच मोडली. "जा. पण लागेल तेच घ्या."

लागत होता धागा, आणि एक दाभण. ते मिळायचं फोमवाल्याच्या दुकानात. तिथेच घोडं अडलं. हॉटेलच्या कामाचा सगळा फोम शेठने त्याच्याकडूनच उधार उचलला होता. कोर्टाच्या निकालानंतर फोमवाल्याच्या हाती कवडीही लागली नव्हती. तेव्हापासून शेठ कामावर जाताना मागच्या गल्लीने, गटाराच्या कडेकडेने जायचा.

तरी आज तो दुकानाची पायरी चढला.

"या शेठ," फोमवाला गल्ल्यामागून म्हणाला. "आज रस्ता चुकलात वाटतं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. शेठने हळू आवाजात धागा आणि दाभण मागितले आणि कार्ड पुढे केलं.

"अरे वा, कार्ड! कोणाचं?"

"माझंच."

फोमवाल्याने ते यंत्रात घातलं. "आकडा टाका."

आकडा साखरेच्या डब्याखाली होता. शेठने खिसे चाचपले, जणू तो खिशातून निघणार होता. "घरी राहिला," तो पुटपुटला. गिऱ्हाइकं एकमेकांकडे पाहू लागली.

"राहू दे," फोमवाला म्हणाला. "घेऊन जा, मागून द्या. लिहून ठेवत नाही मी. लिहिलेलं कोर्टात जातं."

धरणी दुभंगली असती तर शेठने मागेपुढे पाहिलं नसतं. त्याने सामान तिथेच ठेवलं आणि तो घराकडे जवळजवळ पळत सुटला. परत आला तेव्हा गिऱ्हाइकं गेली होती. शेठने पाकीट फोडलं आणि आकडा टाकला. यंत्रातून चिठोरं बाहेर आलं.

फोमवाल्याने ते फाडून दिलं. "झालं. आता कसं वाटतंय?"

"लाज वाटते," शेठ म्हणाला. एवढी वर्षं जे सांगायचं होतं ते एवढंच होतं.

फोमवाल्याने सुतळीचा गुंडा ओढून नीट केला. "माझी बायको अजून विचारते, त्या पैशांचं काय झालं म्हणून. मी काय सांगू?"

शेठने चिठोरं खिशात घातलं. तो मान खाली घालून निघाला.

त्यानंतर धागा, बारीक खिळे, सुतळी सगळं तो तिथूनच कार्डावर घ्यायचा आणि बिल आलं की त्याच दिवशी भरायचा. फोमवाला "या" म्हणायचा, पुढे "शेठ" जोडायचा नाही. यथावकाश मॅडमनी मान डोलावली आणि मशीन आली.

पहिलं काम आलं फोमवाल्याकडूनच, गल्ल्यामागच्या त्याच्या खुर्चीची गादी. शेठने चांगलं रेक्झिन घातलं, कडेला दुहेरी शिलाई मारली. मजुरी त्याने मागितली नाही, फोमवाल्यानेही देऊ केली नाही. मग दुकानातलं स्टूल आलं, मग घरचा सोफा. तेही शेठने बिनमजुरीच शिवून दिलं, जुन्या उधारीपोटी.

शेठ आता फोमवाल्याच्या दुकानापुढच्या रस्त्याने जातो. शिवलेलं सामान पोचवायला मात्र तो अजून भर दुपारी जातो, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा.