जड थेंब

मोजणीबाईंचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. उभा जन्म गेला त्यांचा वारा मोजण्यात, आणि वाराही साधासुधा नव्हे, आवाजाच्या दुप्पट वेगाने नोझलमधून सुटणारा. घरी नवरा म्हणायचा, हिला वाऱ्याची मोट बांधायचा पगार मिळतो. मोजायच्या त्या लेझरने, पण खरं तर लेझरला वारा दिसतच नाही. वाऱ्यात तेलाचे बारीक थेंब सोडायचे, आणि दोन किरण एकमेकांना छेदतात तिथून थेंब चमकत गेला की त्या चमकेवरून वेग काढायचा. हे नवऱ्याला समजावता समजावता बाईंचे केस पिकले.

आज नव्या नोझलचा वेग हिशेबापेक्षा कमी आला. पुन्हा घेतला, पुन्हा कमी. साहेब म्हणाले, टाका भंगारात. ते नोझल घडवणारे लेथवाले काका दारातच उभे होते. एरवी कामाला नाव ठेवलं की अंगावर येणारा माणूस, आज गप्प. त्याचाच बाईंना जास्त वैताग आला. भांडले असते तर चार शब्द सुनावता तरी आले असते.

"आकडा खोटं बोलत नाही, काका," त्या तोडून म्हणाल्या.

काकांनी नोझल खोलून घेतलं आणि ते वर्कशॉपकडे निघून गेले.

बाईंना डबा गोड लागेना. खात्री करायला त्यांनी जुनं, पारखलेलं नोझल चढवलं, तर त्याचाही वेग कमी! मग काच पुसून झाली, किरण जुळवून झाले, कॉम्प्रेसरवाल्याला उगाच झापून झालं. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी तेलाच्या फवाऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. चमक ठळक दिसावी म्हणून त्यांनीच परवा थेंब मोठे केले होते. मोठा थेंब जड. वारा पुढे पळतो, थेंब मागे रखडतो, आणि लेझर बापडा थेंबाचाच वेग सांगतो. थेंब बारीक केल्यावर आकडा जागेवर आला.

बाई तशाच वर्कशॉपमध्ये धावल्या. लेथ चालू होतं.

"काका, थांबा. तुमचं नोझल बरोबर आहे. चूक माझी होती."

काकांनी मशीन बंद केलं. त्यांच्या पायाशी धातूचा चकचकीत कीस पडला होता. वेग वाढावा म्हणून त्यांनी नोझल आतून कोरून रुंद केलं होतं, आणि उतरलेला धातू काही परत चिकटत नाही.

"तुम्ही मोजलं होतं," काका म्हणाले, "म्हणून मी पुन्हा मोजलंच नाही."