उंबऱ्याची खालची बाजू

आमच्या घराचा उंबरा मुळात गडाच्या पडक्या दरवाज्याचा. माझ्या बापाने तो बैलगाडीत घालून आणला. गावात असे दगड घरोघरी आहेत, कुणाची पायरी, कुणाचा धुण्याचा दगड.

परवा गडावर बैठक भरली. पुरातत्त्व खात्याचे साहेब म्हणाले, "दरवाजा असाच सोडायचा, की मशीनवर कापलेल्या नव्या दगडांनी उभा करायचा?"

मी पाथरवट. शाळा दुसरीपर्यंत, पण दगड मला वाचता येतो. म्हणालो, "नवे कशाला? दरवाज्याचे दगड गावातच आहेत. पहिला माझा उंबरा घ्या." सगळे खाली बघायला लागले.

घरी बायको म्हणाली, "अहो, उंबरा काढतं का कुणी? लक्ष्मीनं आत कुठून यायचं?"

"नवा घडवतो. हात शाबूत आहेत माझे."

"हात आहेत हो, डोकं गेलंय."

आज पहारीने तो उपटला, उलटा केला आणि तिथंच बसलो. बांधकामात कायमची झाकली जाणारी ती बाजू, पण वरच्या बाजूइतकीच नेटकी घडवलेली. छिन्नीची रेघ न् रेघ सरळ. गड कुणी बांधला ते सगळे सांगतात, ही रेघ ओढणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. झाकली जाणारी बाजू मी जन्मभर ओबडधोबड ठेवली, कोण बघतंय म्हणून. दुसऱ्याच्या कामापुढं मान कधी वाकवली नव्हती. आज वाकली.

संध्याकाळी नवा दगड घेतला. खालच्या बाजूपासून सुरुवात केली.