करारावर दिलेला मुलगा

दुखणारी दाढ फिक्स्ड डिपॉझिटसारखी सांभाळणारा माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा मामा होता. समोर कुणी आलं की बाकीचे लोक चेहरा बघतात. मामा दात बघायचे. लग्नाच्या मुलीची पत्रिका जुळली तरी मामांनी दात पसंत केल्याशिवाय आमच्या घरातून होकार जात नसे. मिरकरवाडा बंदरावर मोरी, म्हणजे छोटा शार्क, घ्यायला गेले तर आधी तिचा जबडा उघडून बघत, आणि मासेवाली वैतागली की म्हणत, "अगो, माणसांचे दात असे असते तर माझ्या मुलाला काम काय उरलं असतं?"

हा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, मुंबईला दातांचा डॉक्टर झाला होता. शिक्षणाची शेवटची वर्षं लष्कराच्या शिष्यवृत्तीवर पार पडली आणि त्या बदल्यात पदवीनंतर काही वर्षं लष्करात नोकरी करणं त्याच्यावर बंधनकारक होतं. शहाण्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. पण मामांचा जन्म हापूसच्या बागेत गेलेला. ते ज्याला त्याला सांगत, "मुलगा करारावर दिलाय." आमच्याकडे बाग व्यापाऱ्याला कराराने देतात, तेव्हा झाड मालकाचं राहतं आणि फळ व्यापाऱ्याचं होतं. करार संपेपर्यंत मालकानं स्वतःच्याच कलमाचा आंबा तोडला तर ती चोरी. सज्जन मालक खाली पडलेला आंबासुद्धा उचलत नाही, आणि मामा तर सज्जनांचे सज्जन.

त्यामुळे मुलगा रजेवर आला आणि दाढ बघू म्हणाला की मामा ओठ घट्ट मिटून घेत. मुलाचे हात सरकारचे. घरच्या कामाला ते वापरायचे नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे तर घराण्याला बट्टा. करार संपून मुलगा परत आला की पहिली दाढ बापाची, हे ठरलेलं. तोवर लवंगेचं तेल. शेजारपाजारच्या काही जणांनाही त्यांनी या रांगेत बसवलं होतं, आणि ती बिचारी माणसं गाल धरून मुलाच्या सुटकेची वाट बघत होती. मुलाच्या दवाखान्यासाठी बाजारात गाळा घेऊन ठेवला होता. त्यात बंद पडलेल्या एका सलूनची मागे कलणारी खुर्ची आणून मांडली होती. ही तर न्हाव्याची खुर्ची, असं मी म्हटलं, तर मामा म्हणाले, "माणूस आडवा झाल्याशी कारण. दाढी काय नि दाढ काय."

करार संपायला एक पावसाळा उरला असताना मुलगा रजेवर आला आणि धड बोलेना. मामींनी पुन्हा पुन्हा आमटी वाढली तरी त्याच्या लक्षात येईना. शेवटी मला घेऊन तो मांडवीला गेला आणि समुद्राकडे बघत एकदाचं सांगून टाकलं. लष्कराच्या इस्पितळात रेसिडेन्सीची जागा मिळत होती. फुटलेले जबडे जोडण्याचं शिक्षण. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पण ती घेतली तर सेवेची वर्षं आणखी वाढणार, आणि परत यायचं कधी ते कुणी सांगावं.

"बाबांना कसं सांगू?" तो म्हणाला. "ते माझ्यासाठी दाढ धरून बसलेत."

खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडवीत मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. जबडे कुणाचे जोडणार, एवढंच विचारलं. जखमी जवानांचे, असं कळल्यावर "बरं" म्हणून गोठ्याकडे निघून गेले. सकाळी उठले आणि काजूची रोपं बघून येतो म्हणून एसटीनं लांज्याला गेले. तिन्हीसांजेला परतले ते हात हलवत. एक गाल सुजलेला, तोंडात कापूस. लांज्याच्या डॉक्टरकडून त्यांनी दाढ काढून घेतली होती. रत्नागिरीत काढली असती तर बाजारात बोभाटा झाला असता आणि न उघडलेल्या दवाखान्याची अब्रू गेली असती.

मामी रडायलाच लागल्या. मामा कापसातून कसेबसे बोलले, "लांज्याच्या डॉक्टरानं बरी काढलीन. तू करार वाढव. माझ्या तोंडात आता तुझं काय काम उरलं नाय."

"बाबा, आ करा," मुलगा म्हणाला. त्यानं फळीवरची बॅटरी उचलली.

मला वाटलं, मामा नेहमीसारखे ओठ मिटून घेतील. पण ते पायरीवर बसले.

"बघ," म्हणाले. "बघितल्यानं करार मोडत नाय."

आणि मुलगा डॉक्टर झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याच्यासमोर आ केला. मुलानं एका हातानं त्यांची हनुवटी धरली, दुसऱ्या हातानं बॅटरी पेटवली. दाढेची रिकामी जागा बघायला असा कितीसा वेळ लागतो? पण तो बॅटरी विझवीना, आणि मामाही डोळे मिटून तसेच बसून राहिले. मामींनी जेवायला हाक मारली, तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.