नाणेघाटातले पाय

मी चौथी शिकलेला माणूस. कळंबला माझी बागायत हाय. अंगारे-धुपारे आमच्या घरात कधी चालले न्हाईत. शेजारच्या विहिरीवर बाई दिसते म्हणून लोक तिकडून जायचं टाळायचे, तिथं मी खुशाल पाय सोडून तंबाखू मळत बसायचो. तेव्हा वाचणाऱ्यानं मला भित्रा समजू नये. जे झालं ते भीतीचं नव्हतंच, दुसरंच व्हतं...

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या जावयानं जुनी जीप घेतली. जावई मास्तर, जुन्या दगडांचा लई नाद. म्हणाले, मामा, मामींना घेऊन चला, आपलाच मुलूख दाखवतो. मी म्हणलं, मला काय दाखवता, माझी हयात इथं गेली. पण आमची मालकीण लुगडं बदलून तयार. ती निरगुडसरची. माहेर, सासर आन जुन्नरचा बाजार, यापलीकडं तिनं काही बघितलेलं न्हाई — हे ध्यानात ठेवा.

आधी बोरीला कुकडीच्या काठी थांबलो. इथं आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली म्हणे. मी म्हणलं, असले दगड माझ्या बांधावर रग्गड पडलेत, कुणी जीप घेऊन आलं न्हाई. मग जुन्नर सोडून चावंडच्या अंगानं घाटघरचा खडबडीत रस्ता. चावंड मागं पडला तशी मालकीण पुढच्या सीटची दांडी धरून, मान उंच करून बसली. माहेरचा रस्ता आल्यावर बाई बसते तशी.

नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण बघितला, खाली लेण्यापाशी उतरलो. लेण्याजवळची पाण्याची टाकी कुणालाही दिसतात. ती तिकडं गेलीच न्हाई. बाजूच्या कारवीच्या झुडपांत शिरली, एक सपाट दगड सरकवला. खाली कोरलेलं टाकं, आत निवळशंख पाणी. जावयांचं तोंड उघडंच राहिलं. ते तिथं कैकदा आलेले, त्यांना हे टाकं ठाऊक नव्हतं.

तिनं ओंजळ भरली आन लेण्यात गेली. मागच्या भिंतीवर पूर्वी जुन्या राजघराण्यातली मोठमोठी माणसं कोरलेली व्हती. आता सगळी फुटलीत, कुठं कुठं नुसते पाय उरलेत. त्यातल्या एकाच्याच पायांवर तिनं पाणी सोडलं आन पदरानं हळूहळू पुसलं. लांबून चालून आलेल्या माणसाचे पुसावेत तसं. मी रानातनं आलो की ती पाण्याचा तांब्या उंबऱ्याशी ठेवून आत जायची, एवढंच.

वर त्या माणसांची नावं कोरलेली हायेत. जावई ती वाचायला लागले. तिनं घाईनं हात वर केला.

"नका. माझ्यापुढं नका वाचू."

जावयांनी गमतीनं विचारलं, "मग तुम्हीच सांगा मामी, कुणाचे पाय हे?"

ती लाजली, राव. केस पिकलेली बाई. पदर दातात धरून भिंतीकडं वळली आन म्हणाली, "मी कसं घेऊ नाव?"

तिच्या पिढीची बाई जगात एकाच माणसाचं नाव घेत न्हाई. मला ती जन्मभर 'सुमनचं बाबा' म्हणत आली. रेशनच्या हापिसात नवऱ्याचं नाव विचारलं तर पोरीला पुढं करायची. लोक हसायचे, मी मिशीला पीळ द्यायचो. न घेतलेल्या त्या नावात माझा सगळा मान व्हता.

मी पुढं होऊन त्या दगडी पायाशेजारी माझा पाय लावला. त्याचा मोठा निघाला. ते मला आजही पटलेलं न्हाई.

परतताना ती जीपमध्ये गाढ झोपली. घरी विचारलं, तर म्हणते, कसलं टाकं? आन दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीकडून हाक आली, "किसनराव, पाणी काढलंय."

कोण पाव्हणा आला म्हणून मी मागं वळून बघितलं. किसन माझंच नाव.

तेव्हापासून असंच चाललंय. पोरगी म्हणते, आई मॉडर्न झाली. हळदीकुंकवाला बायकांनी नाव घ्यायचा आग्रह केला, तर उखाणा न्हाई, लाजणं न्हाई. दूधवाल्याचं सांगावं तसं माझं नाव सांगून मोकळी झाली.

जावयांनी घाटघरच्या जुन्या गुराख्यांना विचारलं. ते टाकं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग निरगुडसरच्या पोरीला कुणी दाखवलं? जावई पुस्तकं धुंडाळतात. मी सोडून दिलंय.

एकदाच म्हणलं तिला, "अगं, पहिल्यासारखं सुमनचं बाबा म्हण की."

"का? नाव चांगलं तर हाय तुमचं," म्हणाली आन भाकरी थापत राहिली.

नाव चांगलंच हाय. पण तिला ते घेता येतं.