वीसनंतर थेट बावीस

गेल्या गुरुवारी आमच्या आकुर्डीच्या घरात एकवीस हा आकडा सापडला. महिनाभर हरवला होता बिचारा... आणि त्याच्यापायी घरात बरीच वादावादी झाली होती.

मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, फिटर. आमची अन्वी पाच वर्षांची, सीनियर केजीत. महिन्यापूर्वी तिच्या टीचरनी रूपालीला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलावून सांगितलं की अन्वी आकडे म्हणताना एकवीस गाळते. एखाद्या दिवशी नाही, रोज. वीस झाले की थेट बावीस.

टीचर चांगल्या आहेत, काळजीनेच बोलल्या. पण जाता जाता म्हणाल्या, "असंच राहिलं तर पहिलीत पाठवायचं का, याचा विचार करावा लागेल." झालं! घरात लगेच दोन पक्ष पडले. मी म्हणालो हे मोबाइलमुळे होतंय, रूपाली म्हणाली तुमच्या घराण्यातच विसराळूपणा आहे.

कंपनीतल्या एका दोस्ताने सल्ला दिला, "राव, पोरीला बदाम चालू कर." केले चालू. रोज पाच भिजवायचे... तीन ती खायची, दोन मी.

पाटी आणली, जिन्याच्या पायऱ्या मोजून घेतल्या, काही उपयोग नाही. मराठीत विचारलं तर "वीस, बावीस", इंग्लिशमध्ये विचारलं तर "ट्वेंटी, ट्वेंटी-टू". एकदा तर माझा आवाजही चढला. त्यानंतर ती आकडे म्हणायचंच टाळायला लागली. कुणी विचारलं की मान खाली घालून, "मला नाही येत."

आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी मी बाइकचं काहीतरी काढून बसतो आणि अन्वी माझी असिस्टंट. ती तीन वर्षांची असल्यापासून हे चालू आहे. पान्यांचा सेट पेपरवर मांडायचा, मी मागेन तो पाना द्यायचा, काम संपलं की सगळे पुसून क्रमाने पिशवीतल्या कप्प्यांत घालायचे. त्या पिशवीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

गेल्या गुरुवारी मी चेन टाइट करत होतो. "बाराचा दे" म्हटलं की बाराचा हातात, "सतराचा दे" की सतराचा. एकदाही चुकली नाही. हिला आकडे येत नाहीत असं कोण म्हणतं, असं मनात आलं... आणि आठवलं, आपणच म्हणतोय.

आवरताना ती पुटपुटत होती. आमच्या प्रत्येक पान्याला दोन तोंडं, दोन मापं, म्हणून जोडीजोडीने. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा... "सोळा-सतरा, अठरा-एकोणीस, वीस-बावीस." आणि पिशवी बंद!

मी पिशवी उघडून तो शेवटचा पाना काढला. एका तोंडावर वीस, दुसऱ्यावर बावीस. या सेटमध्ये एकवीस नसतोच. पंधरा वर्षं हेच पाने वापरतोय मी, पण तिच्या मोजण्याशी याचा काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

हळूच विचारलं, "अन्वी, मग एकवीस कुठंय गं?"

"कंपनीत राहिला," ती म्हणाली, अगदी सहज.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण माझा चमचा, माझा रेनकोट, काहीही सापडलं नाही की मी रूपालीला एकच उत्तर देतो, "कंपनीत राहिला असेल." अन्वीने ते ऐकून ठेवलं होतं. शाळेतल्या आकड्यांत एकवीस आहे, घरच्या पिशवीत नाही, आणि पप्पांची घरात नसलेली वस्तू कंपनीत असते... तीन ठिकाणी ऐकलेलं-पाहिलेलं तिने आपलं आपण जोडलं होतं. आणि आम्ही तिला बदाम चारत होतो!

"मग टीचरना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, चुकलं." मग माझ्याकडे बघून, "तू पण."

खरं सांगतो, फार लाज वाटली. कंपनीत मशीन बंद पडलं की 'का' विचारत विचारत मुळापर्यंत जायचं, त्याचाच मला पगार मिळतो. पोरीला मात्र महिनाभरात एकदाही 'का' विचारलं नव्हतं.

तिला घेऊन तडक हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि एकवीस-तेवीसचा पाना मागितला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बाइकला कुठं लागतो हा?" म्हटलं, "बाइकला नको, हिला हवाय." येताना बाइकच्या टाकीवर बसून तिने पन्नासपर्यंत आकडे ओरडत म्हटले. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी टीचरना सगळं सांगितलं. त्या आधी खूप हसल्या आणि मग अन्वीला जवळ घेऊन सॉरी म्हणाल्या. पहिलीचा विषय तिथेच मिटला.

काल संध्याकाळी अन्वीने मलाच समोर बसवलं आणि आकडे म्हणायला लावले. मी मुद्दाम तेरा गाळला. वाटलं, आता ओरडणार, चांगला सूड घेणार.

तर ती जवळ आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, तेरा कुठं ठेवलास? आठव. मी थांबते."

मी डोकं खाजवत तेरा आठवायला लागलो... आणि ती खरंच थांबली.