रिकाम्या भोकांचा खडक

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "गेले गं..." त्याला महिना झाला. मला मात्र दादाच्याही आधी त्याचा खडक आठवतो, आणि याचा मला रागही येतो.

दादा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. चंद्रावरचे काळे डाग आणि आपले डोंगर, दोन्ही थिजलेला लाव्हाच, हे त्याचं जन्माचं वेड. खालापूरच्या आमच्या घरामागं टेकडीवर एक काळा खडक होता. आपल्याकडच्या खडकातल्या भोकांत पाणी मुरून बहुधा पांढरे स्फटिक भरतात. चंद्रावर पाणी नाही, म्हणून तिथली भोकं रिकामीच. या खडकाचीही रिकामी होती. "चंद्र आलाय गं परसात!" म्हणत दादा भिंग घेऊन तासन्‌तास त्याच्यापुढं गुडघे टेकून बसायचा.

वाडीतल्या लोकांना ती पूजाच वाटली. एक दिवस खडकाला शेंदूर, पुढं नारळ! दादा भडकला. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच आमच्या घरातले देव नदीत गेले होते. तो रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला बसला, तर वाडीतली सोनूबाई आडवी आली.

"ऱ्हाऊ दे रं मास्तर. खाणवालं येनार हायत. देवाला त्ये हात नाय लावायचे."

"खोटा देव करून मला खडक वाचवायचा नाय, सोनूबाई."

त्यानं सगळा खडक लख्ख पुसला. मग कचेऱ्यांत खेटे घातले, साहेबांना चंद्राचे फोटो दाखवले. लोक चहा पाजायचे आणि हसायचे. शेवटी सुरुंग लागलेच. पलीकडच्या शेंदराच्या म्हसोबाला मात्र खाण वळसा घालून गेली... त्यानंतर दादा टेकडीकडची खिडकी उघडेना. मी गेले की एकच प्रश्न, "माझं बरोबर होतं ना गं?" होतं, म्हणायचे मी. ते खरंच होतं, पण त्यानं त्याचं समाधान कधी झालं नाही.

परवा त्याचं टेबल आवरताना मुठीएवढा काळा तुकडा सापडला. खडीच्या ढिगातून त्यानंच शोधून आणला असणार. एका भोकात खोलवर शेंदूर राहिला होता. टाचणीनं सहज निघाला असता, आणि टाचण्यांची डबी शेजारीच होती.

वहिनी फडकं घेऊन आली. मी तिचा हात धरला.

"राहू दे गं..."